आत घेतलेला श्वास

१

रोज सकाळी दहाच्या सुमाराला डोम्निका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी श्वास घ्यायला बसायची. श्वास काय, सगळेच घेतात, त्यासाठी कुणी खुर्ची ओढून बसत नाही. पण तिला तो डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता तसा घ्यावा लागायचा. एक हात पोटावर, एक छातीवर. नाकाने आत घेताना चार आकडे, तोंडाने सोडताना सहा. असं दहा वेळा. मग वाळवलेल्या फुलांचा चहा, आणि मगच घरची कामं.

अकरा वर्षं ती इटलीत, उदिने शहरात, म्हाताऱ्या माणसांची उस्तवार करत होती. त्यातली शेवटची नऊ एकाच बाईंकडे, सिन्योरा ओत्तावियांकडे. त्या मार्चमध्ये बाई गेल्या, त्यांच्या मुलांनी घर विकायला काढलं, आणि डोम्निका दोन पेट्या घेऊन बोतोशानीकडच्या आपल्या गावात कायमची उतरली. नवरा फार पूर्वीच बुखारेस्टला गेला होता आणि तिथलाच झाला होता. आई दोन वर्षांमागे वारली होती. घरात होती ती फक्त मुलगी, इलिंका. डोम्निका गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. आता अठरा.

येऊन आठवडा झाला नसेल, दोरीवर चादर टाकताना डोम्निकाला पहिला झटका आला. छाती गच्च भरलेली, आणि तरीही हवा पुरेना. ती दोरीला धरून उभी राहिली. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. आपण आता इथेच, ओल्या चादरीखाली मरणार, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. मेली मात्र नाही. चार दिवसांनी परत तेच, आणि मग रोजच.

याश शहरातल्या मोठ्या इस्पितळात छातीचे फोटो काढले, रक्त घेतलं, नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही.

"फुप्फुसं तुमची वीस वर्षांच्या पोरीसारखी आहेत," गावच्या डॉक्टर क्राइनिक कागद चाळत म्हणाल्या.

"मग मला दम का लागतो, बाई?"

"तुम्ही हवा सोडतच नाही म्हणून. भरलेल्या बाटलीत आणखी ओतायला बघता. तिकडून परत आलेल्या बायकांत मी हे पुष्कळ बघते. किती वर्षं झोपलात त्या म्हातारीच्या खोलीत?"

"नऊ."

"नऊ वर्षं दुसऱ्याच्या श्वासावर कान ठेवून झोपलात. आता जरा स्वतःच्या श्वासावर ठेवा."

डोम्निका आज्ञाधारक बाई. तिने कान ठेवला.

२

जूनमधली गोष्ट. इलिंका शाळेच्या शेवटच्या परीक्षेला गेली होती. डोम्निका टेबलाशी बसली होती, खिडकीतून ऊन आलं होतं, बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. सहावा श्वास. ती सोडत होती, मनात आकडे चालले होते. तीन, चार, पाच...

आणि मागच्या छोट्या खोलीत कुणीतरी श्वास घेतला.

मोठा, तोंड उघडून घेतलेला. नदीत उडी मारायच्या आधी घेतात तसा.

डोम्निका घाबरली नाही. आधी तिने फक्त वाट पाहिली. नऊ वर्षांची सवय होती ती. रात्री सिन्योरांचा श्वास आत जायचा, आणि बाहेर येईपर्यंत डोम्निकाच्या झोपेचा एक कोपरा जागा असायचा. जरा उशीर झाला की डोळे उघडायच्या आधी तिचे पाय जमिनीला लागलेले असत. आत गेला की बाहेर येतो, एवढाच तो हिशोब. त्याच सवयीने ती थांबली.

श्वास बाहेर आला नाही.

ती थांबली, थांबली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपलाही अडकलाय. टेबलाची कड धरून ती उठली, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. छोट्या खोलीचं दार ढकललं.

लोखंडी पलंग, त्यावर गुंडाळलेली गादी. भिंतीला लागून मुरंब्याच्या बरण्या. रस्त्याकडची खिडकी, तिला जाळीचा पडदा. भिंतीत विटांची जुनी शेगडी, उन्हाळ्यामुळे थंडगार. बस्स.

एके काळी ही इलिंकाची खोली होती. आता ती बैठकीच्या खोलीत कोचावर झोपायची. "तिथे ओल आहे," एवढंच म्हणाली होती. डोम्निकाने भिंतीला हात लावून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी होती.

"धुराडं," ती मोठ्याने म्हणाली. वारा सुटला की धुराडं हवा ओढतं, तिच्या आईच्या वेळेपासून ओढत होतं. स्वतःच्या भित्रेपणाचं तिला हसूही आलं. हसताना दम लागला.

३

"पेपर कसा गेला?"

"बरा."

"आणखी चोर्बा वाढू?"

"नको. पुरे."

इलिंका वाईट वागायची नाही. भांडी घासायची, लाकडं फोडायची, आईची औषधं आठवणीने आणायची. पण डोम्निका परत आल्यापासून इलिंकाने तिला एकदाही हाक मारली नव्हती. हाक मारायची वेळच येऊ नये अशी वाक्यं ती जुळवायची. 'जेवण झालंय.' 'मीठ हवंय का?' 'डॉक्टरांचा फोन होता.' डोम्निका दर ऑगस्टात पंधरा दिवस यायची तेव्हाही असंच होतं, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असे, भेटवस्तूंचे कागद फाटत असत, ध्यानात आलं नाही.

डोम्निकाला फार वाटायचं की पोरीचे केस हातात घ्यावेत, वेणी घालावी. इलिंकाचे केस मुलासारखे कापलेले होते.

"मागच्या खोलीत कसला तरी आवाज येतो," डोम्निका म्हणाली.

इलिंकाचा चमचा थांबला. "कसला?"

"श्वास घेतल्यासारखा."

"शेगडीचा असेल," इलिंका म्हणाली, आणि उरलेला पाव न संपवताच उठली.

दुसऱ्या दिवशी शेजारची सावेतामावशी अंडी घेऊन आली, तेव्हा डोम्निकाने तिच्या कानावर घातलं. सावेता सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट.

"अगं, कावळ्याने घरटं केलं असेल धुराड्यात. नाहीतर तुझी आई आली असेल, तू भांडी नीट घासतेस का बघायला!"

"मस्करी नको, मावशी. चिंध्या कोंबायला मदत करा."

दोघींनी मिळून शेगडीचं तोंड जुन्या गोधडीने गच्च बंद केलं, वर माती लिंपली. सावेता हात पुसत निघाली. डोम्निका तिला पोचवायला दारापर्यंत गेली. सावेताने कडी काढली मात्र, मागे छोट्या खोलीत श्वास आत गेला.

डोम्निकाने सावेताकडे पाहिलं. सावेता जमिनीकडे पाहत होती.

"ऐकलंत ना?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं, पोरी," सावेता म्हणाली आणि काठी टेकत भराभर फाटकाबाहेर गेली. इतकी भराभर डोम्निकाने तिला कधी चालताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून डोम्निका लक्ष ठेवू लागली. धुराडं असतं तर वाऱ्यावर अवलंबून असतं. हे वाऱ्यावर नव्हतं. इलिंका सायकल काढायची तेव्हा. डोम्निका किल्ल्या उचलायची तेव्हा. फाटकाची कडी वाजली की. घरातून कुणी बाहेर निघालं की तो श्वास आत जायचा, आणि बाहेर म्हणून यायचा नाही.

४

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? खोलीला कुलूप लावलं असतं, पाद्र्याला बोलावून पवित्र पाणी शिंपडून घेतलं असतं. डोम्निकाने गादी उलगडली आणि पलंगावर बसून राहायला लागली.

कारण तो श्वास लहान जिवाचा होता. म्हाताऱ्या छातीतून येणारा श्वास ती झोपेतही ओळखत असे. हा छोट्याशा छातीतला होता, त्याच्या टोकाला पडलेल्या दाताच्या फटीतून येतो तसा बारीक शिट्टीसारखा सूर होता. सात वर्षांच्या इलिंकाचे पुढचे दोन दात पडलेले होते. ते दात नवे कधी आले, डोम्निकाने पाहिलं नव्हतं. टेलिफोनवर दात दिसत नाहीत.

सकाळी इलिंका बाहेर पडली की डोम्निका मागच्या खोलीत जाऊन बसायची. दहाचे व्यायाम सुटले. गोळ्या बशीत पडून राहू लागल्या. खोलीत दुपारी उन्हात तापलेल्या केसांचा वास यायचा. ती पलंगाच्या कडेला सरकून बसायची, शेजारी जागा ठेवून.

"मी आहे हं इथे," ती हळूच म्हणायची. "कुठे जात नाही."

उत्तर येत नसे. पण कुणीतरी ऐकतंय, छाती फुगवून, ओठ मिटून ऐकतंय, हे तिला कळायचं. कळायचं म्हणजे कसं, ते तिला सांगता आलं नसतं. स्वतःशीच ती वाद घालायची. मन दमलंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. एकटी बाई, रिकामी खोली, आणि अकरा वर्षांचं मनात साठलेलं. सगळं पटायचं. आणि पटल्यावरही ती तिथेच बसायची, कारण जगात कुणाचं तरी आपल्यावाचून अडलंय हे सुख तिला फार दिवसांनी मिळत होतं.

पंधरा दिवसांत तिला विहिरीपर्यंत जाववेना. ऑगस्टच्या एका दुपारी इलिंका घरी आली तेव्हा डोम्निका छोट्या खोलीत पलंगाखाली अर्धी सरकून पडलेली होती. ओठ जांभळे, गाल फुगलेले, तोंड घट्ट मिटलेलं.

इलिंकाने तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं आणि पाठीत जोराने थापट्या मारल्या.

"सोड! श्वास सोड! ऐकू येतंय का तुला? सोड म्हणते ना!"

डोम्निकाने सोडला. खोकत, रडत, बऱ्याच वेळाने.

इलिंकाने तिला 'तू' म्हटलं होतं, तेवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

५

दोघी अंगणातल्या बाकावर बसल्या.

"तिच्यापाशी बसू नकोस," ती म्हणाली. "मी कधी बसत नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तू गेलीस त्या वर्षापासून आहे ते. आजीलाही ठाऊक होतं. आजी म्हणायची, बोलू नये, बोललं की लांबतं."

"कोण आहे गं ती?"

इलिंका बराच वेळ नखांतली माती काढत राहिली.

"तू गेलीस तेव्हा मी काय करत होते?"

"झोपली होतीस. पहाटेची गाडी होती. मी दारातून बघून गेले. तुझ्या आजीने सांगितलं, उठवू नकोस, रडेल."

"झोपले नव्हते. पांघरुणाच्या आत बूट घालून पडले होते. तू दार लावलंस तशी मी खिडकीशी धावले. गाडीत तू पेटी चढवत होतीस. मी हाक मारायला एवढा मोठा श्वास घेतला," इलिंकाने हाताने छाती दाखवली, "आणि आजीने मागून तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. मी चावले तिला, रक्त निघालं, तरी तिने सोडलं नाही. कानात म्हणत होती, ओरडलीस तर ती उतरेल, उतरली तर जायची नाही, आणि नाही गेली तर आपण खायचं काय? गाडी वळेपर्यंत तसंच. मग सोडलं. तोवर हाक मारण्यात काही अर्थ नव्हता."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"मला कुणी सांगितलं असतं तर मी उतरले असते," डोम्निका म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगितलं."

"बाळा..."

"मी विसरले ते. खरंच. शाळा होती, मैत्रिणी होत्या, तू पाठवलेले बूट होते. मी मोठी झाले. पण ती नाही झाली. ती तिथेच आहे, श्वास धरून. कुणी दाराशी गेलं की तिला वाटतं, आता." इलिंकाने पहिल्यांदाच आईकडे नीट पाहिलं. "सप्टेंबरात मी याशला चाललेय. जमीन मोजणीच्या शाळेत नाव लागलंय माझं. मला इथून सुटायचंय. तू इथे राहिलीस तर मला जाता येईल. पण तिच्यासारखं करू नकोस. व्यायाम कर. गोळ्या घे. आणि तिला... तिला इथेच राहू दे. माझ्यामागे येऊ देऊ नकोस. एवढं करशील?"

"करीन," डोम्निका म्हणाली. त्या क्षणी मुलीने काहीही मागितलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

६

सप्टेंबरच्या शेवटी इलिंका निघाली. सकाळी आठची गाडी फाटकासमोरच थांबायची. थंडी लवकर पडली होती, तोंडातून वाफा निघत होत्या. सावेतामावशी पावाचा गोळा आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली होती.

"याशच्या पोरांपासून जपून राहा गं," ती म्हणाली. "गोड बोलतात आणि तुझं जेवण खाऊन जातात."

इलिंका हसली. तिने सावेताचा मुका घेतला. मग आईसमोर उभी राहिली. इलिंकाने आईच्या कोटाची कॉलर सारखी केली, आणि गाडीत चढली.

गाडी सुरू झाली. डोम्निकाला हाक मारावीशी वाटली. नुसतं नाव, बाकी काही नाही. तिने श्वास घेतला आणि त्याच वेळी मागे घरात तोच श्वास घेतला गेला, एकाच मापाचा, जणू दोघींना एकच छाती होती. डोम्निका वळली.

छोट्या खोलीच्या काचेवर पडद्याखाली एक कपाळ टेकलेलं होतं. नाकाचं टोक काचेला दाबून पांढरं झालेलं, चपटं. दोन तळवे, बोटं पसरलेली. डोळे डोम्निकाकडे नव्हते, गाडीकडे होते. काच थंडगार होती, आत-बाहेर सगळीकडे दव साचलेलं, आणि त्या तोंडापुढची काच मात्र स्वच्छ होती. तिच्यावर वाफेचा एक ठिपकाही धरत नव्हता.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. डोम्निकाने डोळे मिटले, सहा आकडे मोजले, उघडले. खिडकीत पडदा होता.

"आत जा, सर्दी होईल," सावेता म्हणाली. ती खिडकीकडे पाठ करून उभी होती. मुद्दामच.

७

डोम्निकाने शब्द पाळला. दहाचे व्यायाम, गोळ्या, वाळवलेल्या फुलांचा चहा. छोट्या खोलीत ती दिवसातून एकदाच जायची, दार उघडं ठेवून, पाच मिनिटं. बसायची नाही. "जेवली का तुझी बहीण, विचारते हं आज," असं काहीबाही बोलायची आणि यायची. दम लागायचा, पण तो आता ओळखीचा झाला होता. आला की ती कशाला तरी धरून उभी राहायची आणि जाईपर्यंत मोजायची. डॉक्टर क्राइनिक खूश होत्या.

इलिंका रविवारी फोन करायची. "सगळं ठीक ना? गोळ्या चालू ना?" नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिचा आवाज बसलेला होता. ताप होता दोन दिवस. खोलीतली दुसरी मुलगी घरी गेलेली. बाहेर पाऊस. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग दोघी गप्प झाल्या. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर. डोम्निका तो देवाचं नाव ऐकावं तसा ऐकत होती.

"आई," इलिंका म्हणाली.

डोम्निकाने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आई, येशील का? दोन दिवस? येतेस?"

"येते," डोम्निका म्हणाली. "उद्याच्या गाडीने येते."

रात्रभर ती पेटी भरत होती. वांग्या-मिरच्यांच्या झाकुस्काच्या दोन बरण्या, लोकरीचे मोजे, कोंबडीच्या सुपासाठी घरच्या शेवया. सकाळी कोट घातला, डोक्याला रुमाल बांधला. किल्ल्या उचलल्या.

छोट्या खोलीत श्वास आत गेला.

डोम्निका दाराची कडी धरून थांबली. तिला शब्द आठवत होता. इथेच राहू दे. माझ्यामागे येऊ देऊ नकोस. घर रिकामं, शेगडी विझलेली, पेटी हातात, बाहेर गाडीची वेळ. अगदी तस्सं. आणि आत ती, हाक तोंडात धरून.

"अगं, कुणासाठी थांबलीस?" फाटकातून सावेता ओरडली. "आज इथे थांबत नाही गाडी, वरच्या नाक्यावरून धरावी लागते! सुटेल!"

"आले, आले."

डोम्निकाने दार उघडलं. पेटी बाहेर ठेवली. एका माणसाला लागतं त्याहून जरा जास्त वेळ तिने ते दार उघडं धरलं. गार हवा घरात शिरत होती. तिच्या झग्याला डाव्या बाजूने काहीतरी चाटून गेलं, मांजर जावं तितकंच. मग तिने दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं.

नाक्यापर्यंत चढ होता. एप्रिलपासून तो तिला एका दमात जमला नव्हता. आज ती मध्ये कुठे थांबली नाही, आणि छातीत हवा येत-जात होती, अगदी सहज, कुणाचीही असते तशी. गाडी वर येऊन भोंगा वाजवत होती. तरी डोम्निका सावकाशच चालत होती, लहान पावलांना झेपेल अशा बेताने, डावा हात जरासा खाली सोडून. इलिंकाला काय सांगायचं ते वाटेत ठरवू, असं तिने मनाशी म्हटलं.